स्नूकर पहिल्यांदा खेळताय? मग आधी हळू मारायला शिका

टीव्हीवर बघताना स्नूकरचं टेबल जेवणाच्या टेबलाएवढं वाटतं आणि प्लेअर एकामागून एक असे बॉल घालत असतात की वाटतं यात काय अवघड आहे, काठी धरायची आणि मारायची. मग एक दिवस आपण खरोखर टेबलापाशी जाऊन उभे राहतो आणि कळतं की हे तर खोलीएवढं आहे. वाकतो, एक डोळा मिटतो (मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा), जीव खाऊन हाणतो, रेड (लाल बॉल) पॉकेटच्या तोंडाशी इकडून तिकडे आपटून बाहेर येतो, आणि व्हाइट (ज्याला काठीने मारतो तो पांढरा बॉल) मात्र टेबलभर हिंडून शिस्तीत भलत्याच पॉकेटात जाऊन पडतो. समोरच्याला बसल्या जागी चार पॉइंट.

मी त्याआधी दोनेक वर्षं पूल (स्नूकरसारखाच, लहान टेबलावरचा खेळ) खेळलेला, त्यामुळे माझा तर माजच होता. पहिल्या दिवशी तीन फ्रेम, म्हणजे तीन डाव, खेळलो, तिन्ही मिळून माझे पॉइंट अकरा, आणि त्यातले आठ समोरच्याच्या फाउलचे. शेजारच्या टेबलावर एक काका होते, ते न विचारताच म्हणाले, "अरे, हळू मार." तेव्हा भयंकर राग आला होता. आता कुणी नवीन आलं की मी पण हेच सांगतो आणि तेही माझ्याकडे तसंच बघतात.

पण हळू का, त्याला कारण आहे. पूलचा बॉल साधारण ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५. टेबलाची खेळायची जागा ११ फूट ८॥ इंच बाय ५ फूट १० इंच, लोक सरळ बारा बाय सहा म्हणतात. म्हणजे बॉल लहान, अंतर जास्त, आणि मुख्य म्हणजे पॉकेटचे जॉ, म्हणजे तोंडाच्या दोन्ही कडा, गोलाकार वळलेले असतात. बॉल हळू येत असेल तर जॉला घासूनही आत घरंगळतो, तोच जोरात आला तर जॉ त्याला थुंकून बाहेर टाकतो. तोच शॉट, तेवढीच चूक, फक्त जोर कमी असता तर बॉल पडला असता. एवढं एक डोक्यात बसलं तरी पहिल्याच आठवड्यात फरक दिसेल.

आणि नवशिके आहात म्हणून लाजू नका, कारण स्नूकर या शब्दाचा अर्थच मुळात नवशिका. खेळाच्या जन्माची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश लष्करातले काही अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर नवीन नवीन प्रकार खेळून बघायचे, त्यांच्यात नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक अधिकारी होता (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे). ब्रिटनमधल्या लष्करी अकॅडमीत नव्या पोरांना चिडवायला स्नूकर म्हणायचे. कुणीतरी सोपा बॉल चुकवला तेव्हा चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला, आणि मग वातावरण सांभाळायला म्हणाला की या खेळात तसे आपण सगळेच स्नूकर आहोत. तेच नाव चिकटलं.

टेबल कसं लावायचं

एकूण बॉल २२. पंधरा रेड, सहा कलर आणि एक व्हाइट, म्हणजेच क्यू बॉल. क्यूने, म्हणजे काठीने, मारायचं फक्त व्हाइटला, बाकी सगळं काम व्हाइट करणार.

टेबलाच्या एका टोकाला आडवी रेघ असते, ती बॉक लाइन, आणि तिला चिकटून अर्धवर्तुळ, तो डी. डीच्या बाजूला उभे राहून टेबलाकडे बघा. रेघेवर डावीकडे ग्रीन, मधे ब्राउन, उजवीकडे यलो. या क्रमात सगळे गोंधळतात म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनी 'गॉड ब्लेस यू' असं करून ठेवलंय, ते पाठ करा. टेबलाच्या बरोब्बर मध्यावर ब्लू. त्याच्या पुढे पिंक, आणि पिंकच्या पाठीमागे ट्रँगलमध्ये पंधरा रेड, सगळ्यात पुढचा रेड पिंकच्या जवळात जवळ पण चिकटलेला नको. रेडच्या मागे, पलीकडच्या कुशनपासून (टेबलाची रबरी कड) साधारण फूटभर अंतरावर ब्लॅक. ब्लॅककडचं टोक ते टेबलाचं टॉप आणि डीकडचं बॉटम, हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

पॉइंट

रेडचा १, यलो २, ग्रीन ३, ब्राउन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७.

आधी रेड घालायचा, तो पडला की कुठलाही एक कलर, तो पडला की परत रेड, असं आलटून पालटून. रेड एकदा पडला की गेला, कलर मात्र काढून परत त्याच्या जागेवर ठेवायचा. समजा तुम्ही रेड घातला, मग ब्लॅक, मग रेड, मग ब्लू, तर १ अधिक ७ अधिक १ अधिक ५, चौदा झाले. या न तुटता केलेल्या पॉइंटना ब्रेक म्हणतात. बॉल चुकला की ब्रेक संपला, समोरच्याची पाळी, आणि त्याने परत रेडपासूनच सुरू करायचं. हे नवीन लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं मी रेड घातलेला होता म्हणजे पुढच्या वेळी आलो की माझा कलर बाकी आहे. नाही, काही बाकी नाही.

कलरची जागा दुसऱ्या बॉलने अडवलेली असेल तर मोकळ्या असतील त्या जागांपैकी सगळ्यात जास्त किमतीच्या जागेवर तो ठेवतात, म्हणजे ब्लॅकची जागा मोकळी असेल तर तिथे. सगळ्याच अडल्या असतील तर आपल्या जागेच्या जवळात जवळ, टॉप कुशनच्या दिशेने सरळ रेषेत.

शेवटचा रेड पडला की त्याच्याबरोबरचा कलर घालायचा, तो परत वर येतो, आणि मग सहा कलर चढत्या क्रमाने, यलोपासून ब्लॅकपर्यंत, आता मात्र पडला तो गेला. या सहांची बेरीज २७. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा, सतत लागतो. टेबलावर किती पॉइंट उरलेत हे बघायचं तर उरलेले रेड गुणिले आठ अधिक २७. पाच रेड असतील तर ६७. तुम्ही ७० ने मागे असाल तर नुसते बॉल घालून भागणार नाही, समोरच्याकडून फाउल काढायला लागतील.

यावरूनच तो प्रसिद्ध १४७ येतो, पंधरा रेड प्रत्येकाबरोबर ब्लॅक म्हणजे १२०, वर २७. रॉनी ओ'सुलिवन या नावाजलेल्या प्लेअरने १९९७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो साडेपाच मिनिटांच्या आत केला. त्यात ३६ शॉट असतात, म्हणजे शॉटमागे पुरते दहा सेकंदही नाहीत. तो व्हिडिओ जरूर बघा, पण त्याच्यासारखं पटापट खेळायला जाऊ नका, त्याची घाई दिसते ती घाई नाहीये. तुमचं पहिलं टार्गेट दहाचा ब्रेक ठेवा. दोन रेड दोन कलर. ऐकायला लाजिरवाणं वाटतं, पण सलग चार बॉल घालायला बऱ्याच जणांना आठवडे लागतात.

फाउल, म्हणजे नवशिक्यांची फ्रेम खरी जाते तिथे

सुरुवातीला दोघंही फारसे बॉल घालत नाहीत, त्यामुळे जो कमी फाउल करतो तो जिंकतो, इतकं सोपं आहे ते. फाउल झाला की पॉइंट तुमच्यातून वजा होत नाहीत, समोरच्याला मिळतात. कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त ७. रेड मारायचा होता आणि व्हाइट कशालाच लागला नाही, ४. रेड मारायचा होता आणि आधी ब्लॅकला लागला, ७. ब्लू मारणार असं सांगितलं आणि चुकला, ५. पिंक सांगितला आणि ब्लॅकला लागला, ७. म्हणजे जो बॉल मारायचा होता आणि ज्याच्यावर गडबड झाली त्यातली मोठी किंमत, पण चारच्या खाली नाही.

व्हाइट पॉकेटात गेला, म्हणजे इन-ऑफ झाला, तर फाउल, आणि समोरचा व्हाइट डीमध्ये कुठेही ठेवून खेळणार. रेड पडला पण त्याच शॉटमध्ये एखादा कलर पण पडला, फाउल. एका शॉटमध्ये दोन रेड पडले तर मात्र चालतं, दोन पॉइंट घ्या. बॉल टेबलावरून उडून खाली गेला, शर्टाची बाही बॉलला लागली, नेम धरताना टिप (क्यूचं टोक) व्हाइटला चुकून टेकली, मारताना दोन्ही पाय जमिनीवरून उचलले, सगळे फाउल. व्हाइटला टिप लावून ढकलणं हा पण फाउल, मारायचं असतं, ढकलायचं नसतं. व्हाइट दुसऱ्या बॉलला चिकटून उभा असेल तर त्याला टचिंग बॉल म्हणतात. तोच बॉल मारायचा असेल तर व्हाइट त्याच्यापासून लांब मारायचा, चिकटलेला बॉल हलला नाही पाहिजे, आणि तो बॉल लागलाच असं धरतात.

कलरच्या वेळी कुठला मारताय ते तोंडाने सांगून टाका. समोर एकच बॉल स्पष्ट दिसत असेल तर न सांगून चालतं, पण ग्रीन आणि ब्राउन शेजारी शेजारी असताना 'मी तर ब्राउनच मारत होतो' वरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

फाउल झाल्यावर समोरच्याकडे दोन पर्याय, स्वतः खेळायचं किंवा तुम्हालाच परत खेळायला लावायचं. तुमच्या फाउलनंतर तो असा अडकला की ज्या बॉलवर खेळायचंय त्यातल्या एकाच्याही दोन्ही कडा सरळ रेषेत मारता येत नाहीत, तर त्याला फ्री बॉल मिळतो, म्हणजे कुठलाही दुसरा बॉल रेड समजून मारायचा, पॉइंटही रेडएवढाच, आणि पडला तर पुढे नेहमीसारखा कलर. मिसचा नियम पण आहे, नीट प्रयत्न केला नाही असं रेफरीला वाटलं तर बॉल परत होते तिथे ठेवून पुन्हा मारायला लावतात. आपसात खेळताना सुरुवातीला हा नियम सोडून द्या, नाहीतर एकच शॉट अर्धा तास चालेल.

उभं राहणं आणि वाकणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. क्यू सरळ गेला की बाकीचं हळूहळू येतं आणि क्यू वाकडा जात असेल तर जगातली सगळी माहिती असून उपयोग नाही.

आधी शॉटच्या पाठीमागे उभे राहा, सरळ, न वाकता. पॉकेट, बॉल, व्हाइट यांची रेषा उभ्यानेच बघून घ्या. वाकल्यावर फक्त रेषा पाळायची असते, शोधायची नसते. खाली वाकून मग इकडे तिकडे सरकत नेम धरणारे कायम चुकतात, कारण डोकं सरकतं, खांदा सरकतो, पाय मात्र जुन्याच रेषेवर राहतात. रेषा चुकली असं वाटलं तर उठा आणि परत पहिल्यापासून करा, कुणी हसत नाही.

उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय त्या रेषेवर ठेवा. डावा पाय खांद्याएवढ्या अंतरावर थोडा पुढे आणि डावीकडे. उजवा पाय सरळ ताठ, डावा गुडघा किंचित वाकवलेला. डावरे असाल तर सगळं उलट. आता कमरेतून खाली या, रेषेवरूनच, विमान धावपट्टीवर उतरतं तसं. हनुवटी क्यूला टेकली पाहिजे, क्यू छातीला घासून गेला पाहिजे. पहिल्यांदा मान आणि पाठ दुखते, ते ठीक आहे, चारपाच दिवसांत सवय होते.

पुढचा हात म्हणजे ब्रिज. तळवा कापडावर सपाट ठेवा, बोटं पसरा, मग बोटांची टोकं तशीच दाबून ठेवून मधली पेरं वर उचला आणि अंगठा तर्जनीला चिकटवून वर करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी खाच तयार होते त्यात क्यू सरकतो. हा हात दगडासारखा स्थिर पाहिजे. ब्रिजपासून व्हाइटपर्यंत एक वीतभर ते फूटभर अंतर ठेवा, त्याहून जास्त ठेवलं की टिप डोलायला लागते.

मागच्या हाताची पकड सैल. दात घासताना ब्रश धरतो ना, इतपत. काठी पडणार नाही एवढंच. मूठ आवळली की मनगट वळतं, मनगट वळलं की क्यू वळला. टिप व्हाइटपाशी असताना कोपरापासून खालचा हात सरळ खाली लोंबत असला पाहिजे, घड्याळाच्या लंबकासारखा. हलतो तो फक्त एवढाच भाग. खांदा नाही, डोकं नाही, कंबर तर नाहीच नाही.

दोन-तीन वेळा क्यू मागेपुढे करा, व्हाइटवर टिप कुठे लागणार ते नक्की करा, मग एकदा मागे घ्या, क्षणभर थांबा, नजर ज्या बॉलला घालायचंय त्याच्यावर न्या, आणि सरळ आरपार मारा. व्हाइटला लागल्यावर क्यू थांबवायचा नाही, वीतभर पुढे जाऊ द्या. आणि मग, हे फार महत्त्वाचं, खालीच राहा. बॉल पडतोय की नाही हे बघायला सगळेच टुणकन उठतात, आणि उठायला सुरुवात होते ती टिप लागायच्या आधीच. मी बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज येईपर्यंत हनुवटी उचलायची नाही अशी सवय लावून घेतली, पहिल्या महिन्यात एवढ्या एका गोष्टीने जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशाने पडला नाही.

क्यू सरळ जातोय का हे बघायची जुनी परीक्षा. सगळे बॉल बाजूला करा, व्हाइट ब्राउनच्या जागेवर ठेवा आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या ठिपक्यांवरून सरळ टॉप कुशनवर मारा. व्हाइट परत येऊन तुमच्या टिपलाच लागला पाहिजे. डावीकडे किंवा उजवीकडे गेला तर तुम्ही मधोमध मारलेलं नाही, नकळत साइड लागलाय, म्हणजे टिप व्हाइटच्या डावीउजवीकडे लागलीय. दहात चार वेळा जमलं तर छान. कंटाळवाणं आहे, पण रोज दहा मिनिटं कराच.

नेम

पॉकेटकडून बॉलकडे एक रेषा ओढा आणि ती बॉलच्या पलीकडे थोडी वाढवा. बॉलला बरोबर त्या बाजूने चिकटून अजून एक व्हाइट उभा आहे अशी कल्पना करा. तुमचा व्हाइट त्या कल्पनेतल्या बॉलच्या जागी नेऊन ठेवायचा, झालं. बॉलवरचा ठिपका बघून त्यावर व्हाइटचा मध्य मारायला जाल तर कट शॉट (कोनात मारलेला) हमखास जाड लागतो, म्हणजे बॉलच्या मध्याकडे जास्त लागतो, कारण व्हाइटला पण जाडी आहे, तो आधीच टेकतो. नवीन माणसाचे कट बहुतेक वेळा जाडच जातात, त्यामुळे शंका असेल तर किंचित पातळ, म्हणजे कडेकडे, मारा.

एक खूण कामाला येते. व्हाइटचा मध्य समोरच्या बॉलच्या अगदी कडेवर धरून मारला की त्याला हाफ बॉल म्हणतात, आणि समोरचा बॉल साधारण ३० अंशांत निघतो. हा एक कोन डोळ्यात बसवला की बाकीचे 'याच्यापेक्षा थोडा जाड', 'याच्यापेक्षा थोडा पातळ' असे ठरवता येतात. अंश मोजत बसू नका हां, शंभर वेळा तोच शॉट मारला की डोळ्याला आपोआप कळतं.

व्हाइट कुठे थांबणार

इथपर्यंत बॉल कसा घालायचा ते झालं, पण एक बॉल घालून ब्रेक होत नाही. सरळ शॉट घ्या आणि तीन प्रकारे मारून बघा. व्हाइटला मध्याच्या वर मारलं की समोरचा बॉल लागल्यावर व्हाइट त्याच्या मागोमाग पुढे जातो, हा फॉलो किंवा टॉप. टक्कर होताना व्हाइट नुसता घसरत असेल, फिरत नसेल, तर जागच्या जागी थांबतो, हा स्टन. खाली मारलं की मागे येतो, हा स्क्रू.

स्टनच्या बाबतीत लोक फसतात ते असं, जवळचा बॉल असेल तर मधोमध मारून व्हाइट थांबतो, पण लांबचा असेल तर तसाच मारलेला व्हाइट पुढे जातो. कारण कापडाच्या घर्षणाने व्हाइट वाटेत घसरायचा थांबून गडगडायला लागतो. म्हणून अंतर जितकं जास्त तितकं जरा खाली मारायला लागतं. आणि कट शॉटमध्ये स्टन मारला की समोरचा बॉल जिकडे जातो त्याच्याशी काटकोन करून व्हाइट निघतो. हे एक सूत्र कळलं की व्हाइट कुठे जाणार याचा अंदाज अचानक यायला लागतो, मला तर त्या दिवशी लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं.

स्क्रू सगळ्यांना लगेच यायला हवा असतो. त्यासाठी जोर लागत नाही, क्यू शक्य तितका आडवा ठेवून खाली मारायचा आणि आरपार जाऊ द्यायचा. लोक मागचा हात वर उचलून वरून खाली खुपसतात, मग व्हाइट उडी मारतो आणि कापडाला इजा होते ती वेगळी. साइड, म्हणजे डावीउजवीकडे मारणं, पहिले दोन-तीन महिने विसरा. साइड लावला की व्हाइट सरळ रेषेत जात नाही आणि तुम्हाला कळणारच नाही की नेम चुकला की साइडने नेलं.

पोझिशन घेताना पुढच्या बॉलवर एकदम सरळ यायचा प्रयत्न करू नका, थोडासा कोन ठेवा. सरळ असलेल्या बॉलवरून व्हाइट फक्त पुढे किंवा मागे जाऊ शकतो, कोन असला की हवा तिकडे नेता येतो. आणि प्रत्येक वेळी ब्लॅकच्या मागे लागू नका, सात पॉइंटचा मोह असतो मान्य, पण समोर सोपा ब्लू असताना लांबून ब्लॅक मारून चुकायचं आणि रेड समोरच्यासाठी उघडे सोडायचे, हा उद्योग मी किती वेळा केलाय ते सांगत नाही.

पहिला शॉट आणि सेफ्टी

टॉस जिंकला की ठरवा कोण सुरू करणार. व्हाइट डीमध्ये, बहुतेक जण ब्राउन आणि यलोच्या मधे ठेवतात, आणि रेडच्या सगळ्यात मागच्या ओळीतला उजव्या टोकाचा रेड पातळ मारतात. व्हाइट टॉप कुशनला लागून, मग बाजूच्या कुशनला लागून परत डीकडे येतो. मोठे प्लेअर त्यात उजवा साइड लावून व्हाइट ग्रीनच्या मागे नेऊन बसवतात. तुम्ही साइड न लावता नुसतं पातळ मारून परत आणायचा प्रयत्न करा. पूलसारखा धाडकन मारून रेड फोडायचे नाहीत! फुटलेले रेड समोरचा घालणार आहे, तुम्ही नाही.

हाच विचार पूर्ण फ्रेमभर. बॉल पडायची शक्यता निम्म्याहून कमी वाटत असेल आणि चुकल्यावर समोरच्याला ताट वाढून मिळणार असेल, तर घालायला जाऊ नका. रेडला पातळ स्पर्श करा आणि व्हाइट बॉटम कुशनला नेऊन चिकटवा. कुशनला चिकटलेल्या व्हाइटचा फक्त वरचा भाग मारता येतो, त्यामुळे तिथून लांबचा बॉल घालणं भल्याभल्यांना जड जातं. व्हाइट एखाद्या कलरच्या मागे लपवला आणि समोरच्याला रेड सरळ दिसेनासा झाला तर तो खरा स्नूकर. कुशनवरून मारून त्याला रेड गाठावा लागतो, नाहीच लागला तर फाउल.

फ्रेम हातातून गेली असं वाटलं तरी लगेच सोडू नका. १९८५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये डेनिस टेलर हा प्लेअर स्टीव्ह डेव्हिसच्या ०-८ फ्रेमने मागे होता, पुढे १७-१७ झाले आणि शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या ब्लॅकवर टेलर जिंकला, अख्ख्या मॅचमध्ये तो पुढे गेला तो त्याच एका बॉलने. फ्रेम बरोबरीत सुटली तर ब्लॅक परत जागेवर ठेवतात, टॉस करतात, व्हाइट डीमधून, आणि जो ब्लॅक घालेल तो जिंकला, फाउल केला तर हरला.

सराव, आणि थोडं सामानाबद्दल

एकटे असाल तर फ्रेम मांडू नका. वर सांगितलेली सरळ व्हाइटची परीक्षा, मग ब्लॅक त्याच्या जागेवर ठेवून वेगवेगळ्या बाजूंनी तोच एक शॉट वीस वेळा, मग चार-पाच रेड ब्लू आणि पिंकच्या मधल्या रेषेत मांडून रेड, कलर, रेड, कलर. शेवटी नुसते सहा कलर जागेवर ठेवून यलोपासून सुरू करा. सत्तावीस एका दमात पुसले की मला फोन करा, मी पार्टी मागणार नाही.

क्यू लगेच विकत घेऊ नका. तिथलाच घ्या, पण घेण्याआधी टेबलावर गडगडवून बघा, टिप वर-खाली नाचली तर तो वाकलाय. उभा धरल्यावर खांदा आणि हनुवटीच्या मधे कुठेतरी पोचला पाहिजे. स्नूकरच्या क्यूची टिप साधारण ९ ते १० मिलिमीटरची, पूलच्या क्यूपेक्षा बारीक, वरून घुमटासारखी गोल हवी. सपाट झालेली, चकचकीत टिप असलेला क्यू परत ठेवून द्या. चॉक (टिपला लावायचा खडू) हलक्या हाताने पुसायचा, चॉकमध्ये खड्डा पडेपर्यंत घुसळायचा नाही. आणि तो टेबलाच्या काठावर ठेवायचा नाही, खिशात टाका, कापडावर सांडला की बॉलला लागतो.

हात पोचत नसेल तर टेबलावर चढू नका, रेस्ट (क्यूला टेकू द्यायची काठी) घ्या. सगळ्यांना रेस्ट नकोसा वाटतो कारण त्याची प्रॅक्टिस कुणी करत नाही. रेस्ट कापडावर सपाट ठेवा, डाव्या हाताने दाबून धरा, क्यूचं मागचं टोक हनुवटीसमोर, कोपर बाजूला, आणि छोटा, हळू शॉट. मधे दुसरा बॉल येत असेल तर उंच पायांचा स्पायडर असतो तो घ्या.

समोरचा खेळत असताना त्याच्या नेमाच्या रेषेत उभं राहायचं नाही, मोबाइल सायलेंट, आणि आपली बाही लागली असेल तर त्याला दिसलं नसलं तरी फाउल आपणच सांगायचा, या खेळात तसं करतात. समोरच्याने घातलेला कलर तुम्ही काढून ठेवा म्हणजे त्याची लय तुटत नाही. खेळ झाला की कापडाला ब्रश मारायचा तो डीकडून ब्लॅककडे, एकाच दिशेने, कारण कापडाची लव त्या बाजूला असते. आणि क्यू भिंतीला तिरका टेकवून निघून जाऊ नका, वाकतो, मग पुढच्या वेळी तोच क्यू तुमच्या हातात येतो.